बुरुजाचा बारावा मजला

मापसाहेबांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटं प्रमाणपत्र दिलं नाही. दिलं ते घरात, एकदाच. तेही तोंडी, आणि तेही गोवर निघालेल्या पाच वर्षांच्या मुलीला. तोंडी प्रमाणपत्राला खात्यात काडीची किंमत नसते. पण घर हे खातं नव्हे, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

खातं वजनमापांचं. दुकानदारांचे तराजू, तेलाची मापं, कापडाच्या पट्ट्या तपासायच्या, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर मारायचा नाही, असं साधं सोपं काम. पण ते काम त्यांच्या हाडीमांसी इतकं खिळलं होतं की लग्नाच्या वाढदिवसाला बायकोनं वाटीभर खीर पुढे ठेवली तर खिरीआधी त्यांची नजर मापाचा शिक्का शोधत वाटीच्या तळाला जाई. किलोचं वजन वापरून वापरून दोन ग्रॅम झिजलं असेल तर ते नुसतं हातात घेऊन सांगत. हाताखालच्या लोकांनी त्यांचं नाव मापसाहेब पाडलं ते कौतुकानं की वैतागानं, हे त्यांनी कधी तपासलं नाही. काही गोष्टी न तपासलेल्या बऱ्या असतात, एवढं त्यांनाही कळत होतं.

निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि घरात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. अशात त्यांच्या लेकीनं नवा व्हिडिओ गेम आणला.

लेक सत्तावीस वर्षांची, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला. तिनं टीव्हीशेजारी एक चपटं, काळं, चकचकीत यंत्र आणून ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, बघाच तुम्ही. हा गेम म्हणजे अख्खी कादंबरी आहे. शेवटाला मी रडले."

"खेळताना रडलीस?" मापसाहेब म्हणाले. "आमच्या वेळी हरल्यावर रडायचे. जिंकून रडणारी तू पहिलीच."

बोलून गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण निवृत्त माणसाला मत मागितलं नाही तरी देता येतं, हीच तर निवृत्तीची एकमेव सवलत. ते पुढे म्हणाले, "जुन्या गेमची सर नाही याला. कॅसेट घातली, बटण दाबलं, खेळ सुरू. आणि बुरुजाचा शेवट तुला ठाऊकच आहे."

लेकीचे डोळे चमकले. "ठाऊक आहे? शंभर वेळा ऐकलाय! पण बघितला कुठे? बाबा, काढा ना तो माळ्यावरून. एकदा खेळून दाखवाच. दोन्ही शेवट शेजारी शेजारी ठेवू आणि ठरवू कोणता भारी."

मापसाहेबांनी खुर्ची फिरवून माळ्याकडे पाठ केली.

ही पाठ का फिरली ते समजायचं तर बुरुज समजला पाहिजे. त्यांच्या लग्नानंतरच्या वर्षी घरात आलेला तो खेळ. पडद्यावर हातात कंदील घेतलेला, नखाएवढा एक माणूस. घरात त्याला कंदील्या म्हणत. कंदील्यानं बारा मजल्यांचा बुरुज चढायचा, वाटेत वटवाघळं, निसटत्या पायऱ्या, लोळत येणारी पिंपं. मेला की पहिल्यापासून. मापसाहेब रोज संध्याकाळी कचेरीतून आले की कपडेही न बदलता बसत. वर्षभराच्या खडतर साधनेनंतर ते नवव्या मजल्यापर्यंत पोचले. दहावा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

पुढे लेकीला गोवर निघाला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस टीव्ही बंद. पोर तापानं फणफणलेली आणि हट्टाला पेटलेली, "मला कंदील्या पाहिजे." मग मापसाहेब उशाशी बसून तोंडानंच बुरुज चढू लागले. एक मजला, दुसरा, तिसरा. नववा झाला. लेक म्हणाली, "मग?" आता तापल्या पोरीला 'पुढची माहिती उपलब्ध नाही' असं कुठला बाप सांगेल? त्यांनी दहावा रचला, अकरावाही रचला. बाराव्यावर दार उघडलं, कंदील्या गच्चीवर आला, खाली सगळं गाव अंधारात. त्यानं कंदील उंच धरला आणि गावातले दिवे एकेक करून लागत गेले. सगळे लागले, कोपऱ्यातल्या एका घराचा तेवढा लागेना. "तो कुणाचा?" लेकीनं विचारलं. "तुझा," मापसाहेब म्हणाले. "तू बरी झालीस की लागेल." आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

पोरगी उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "आता खरा दाखवा." त्याच दुपारी मापसाहेबांनी 'डोळ्यांना त्रास होतो' असा अभिप्राय नोंदवून खेळाचा डबा, कॅसेट आणि दोन रिमोट माळ्यावर भिरकावले. बावीस वर्षं तो पुरावा तिथे सुरक्षित होता.

"हो, काढू की," मापसाहेब आता म्हणाले. नाही म्हणायला कारण हवं आणि ते सापडेपर्यंत हो म्हणायचं, ही कचेरीतली जुनी रीत. "पण आधी तुझ्या नव्या यंत्राची रीतसर तपासणी होईल. तुलना म्हणजे तुलना. तक्ता करावा लागेल."

त्यांनी फूटपट्टीनं तक्ता आखला. सुरू होण्यास लागलेला वेळ. नायकाचे वर्तन. मरणाची किंमत. शेवट. दोन रकाने, एक जुन्याचा, एक नव्याचा. तपासणीत किमान महिना काढायचा आणि तोवर लेकीचा उत्साह मावळेल, असा त्यांचा हिशेब होता.

सुरुवात तर झकास झाली. नवा गेम चालू करताच पडद्यावर अटी आणि शर्ती आल्या. लेकीचं बोट 'मान्य आहे' वर जाणार तोच मापसाहेबांनी तिचा हात धरला. "न वाचता सही?" त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि तांबडी पेन्सिल घेऊन अटी वाचायला बसले. चौसष्ट पानं होती. दोन दिवस लागले. एकेचाळिसाव्या पानावरचं एक कलम सतराव्या पानावरच्या कलमाशी विसंगत आहे हे त्यांनी शोधून काढलं, पण तक्रार ऐकायला पडद्यापलीकडे कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी 'हरकत राखून मान्य' असं मोठ्यानं म्हणून बटण दाबलं. त्यावर यंत्रानं अपडेट घ्यायला सुरुवात केली. दोन तास अकरा मिनिटं. मापसाहेबांनी घड्याळ लावून आकडा तक्त्यात भरला आणि त्यांना बऱ्याच महिन्यांनी कामावर असल्यासारखं वाटलं.

मग नायक उठला. म्हणजे अंथरुणातून उठला. तोंड धुतलं. त्याची मिशी आपण निवडायची होती; बत्तीस प्रकार होते, त्यात लेकीनं पाव तास घालवला. मग त्यानं घोड्याला चारा घातला, एका म्हाताऱ्याची खुशाली विचारली, दोन पत्रं वाचली.

"हा लढणार कधी?" मापसाहेबांनी विचारलं.

"अहो बाबा, त्याला आधी आयुष्य आहे."

"कंदील्याला नव्हतं. म्हणून तो कामाचा होता."

नायक पुलावरून पडून मेला आणि लगेच पुलाच्या अलीकडे, कपडे कोरडे, जसाच्या तसा उभा राहिला. मापसाहेबांनी तक्त्यात लिहिलं : 'मरणाची किंमत – शून्य. नायक निष्काळजी होण्याचा संभव.'

इथवर सगळं त्यांच्या बाजूनं होतं. पण दुसऱ्या दिवशी लेक कचेरीत गेल्यावर, केवळ नोंदी पूर्ण कराव्यात म्हणून, त्यांनी एकट्यानं तो गेम लावला. घोडा घेऊन बाजारात गेले. बाजार असा हुबेहूब की भाजीवरचं पाणी चमकत होतं. तिथल्या वाण्याच्या दुकानात तराजू टांगलेला होता. मापसाहेब थबकले. रिकामा तराजू, पण डावं पारडं बोटभर खाली. पासंग! इतकं सुंदर चित्र काढणाऱ्या माणसांनी तराजू खोटा काढावा? तीन दिवस ते त्या गावातली दुकानं तपासत हिंडले. नायकाच्या बापाचा खून झालेला होता आणि खुनी डोंगरावर वाट बघत होता, पण मापसाहेबांनी सतरा दुकानं तपासली आणि कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं.

"बाबा, आवडला ना गेम?" लेकीनं संध्याकाळी विचारलं.

"तपासणी चालू आहे," मापसाहेब म्हणाले, आणि घोड्याला चारा घातला की नाही ते आठवू लागले.

पण लेकीचा उत्साह मावळला नाही. रविवारी लेक शिडी घेऊन आली. मापसाहेबांनी कंबर धरली. कंबर हा निवृत्त माणसाचा शेवटचा बुरुज. लेक म्हणाली, "तुम्ही शिडी धरा, मी चढते."

डबा खाली आला. मापसाहेब देव पाण्यात घालून बसले होते की उंदरांनी वायर कुरतडलेली असावी. पण डबा एका जुन्या मऊ कापडात नीट गुंडाळलेला होता, रिमोटच्या वायरींना सुतळीची गाठ होती, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या होत्या.

"वा, किती जपून ठेवलंत!" लेक म्हणाली.

मापसाहेबांना आपण भिरकावल्याचं पक्कं आठवत होतं. पण आयतं मिळालेलं कौतुक परत करायची पद्धत नसते. त्यांनी रिमोट हातात घेतला. उजव्या बटणाचा खडबडीतपणा पार गेला होता, काचेसारखं गुळगुळीत. सवयीनं त्यांनी नोंद केली : 'झीज, ज्ञात वापरापेक्षा बरीच अधिक. कारण – हवामान असावे.' चौतीस वर्षं झीज ओळखून पोट भरलेला माणूस, पण सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसलेल्या बायकोकडे त्यांनी मान वळवली नाही.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणत असे, तेव्हा आपणही म्हणू. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, ते लावायचं कशावर? या भिंतीवरच्या पातळ टीव्हीला ती पिन बसत नाही."

मापसाहेबांचा जीव भांड्यात पडला. खरंच की! त्यांनी चेहरा शक्य तितका पाडला. "अरेरे. मग राहिलं."

"आपला जुना ढेरपोट्या टीव्ही कुठाय?" लेकीनं विचारलं.

तो पहारेकऱ्याच्या खोलीत होता. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच तो इमारतीला दिला होता आणि त्यावर आता फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसे. दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे सेक्रेटरींकडे अर्ज. मापसाहेब मनात हसले. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे गळक्या नळाचा अर्ज तीन सभा फिरवून नळ गंजून आपोआप बंद होईपर्यंत थांबणारे गृहस्थ. आणि अर्ज कसा लिहिला की नामंजूर होतो, हे मापसाहेबांइतकं जगात कुणाला ठाऊक? त्यांनी अर्जात कारण लिहिलं 'खाजगी करमणूक', मुदत लिहिली 'अनिश्चित', विषय लिहायचा विसरले आणि सही तेवढी दोनदा केली.

अर्ज सकाळी दिला. दुपारी सेक्रेटरी स्वतः टीव्ही घेऊन दारात. मागे पहारेकरी, दोघेही घामाघूम.

"मंजूर!" सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले. "मापसाहेब, बुरुज म्हणजे तोच ना, कंदीलवाला? अहो, मी सातव्या मजल्यापलीकडे गेलो नाही कधी. ती पिंपं! वहिनी सांगत होत्या तुम्ही शेवट केलाय म्हणून. कमाल आहे! मी येतो हं बघायला."

"वहिनी सांगत होत्या?" मापसाहेबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून फोडणीचा चर्र आवाज आला.

"आणि फाटकावर कोण लक्ष ठेवणार? कॅमेऱ्याचं काय?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मी फाटकावरच उभा असतो ना साहेब," पहारेकरी म्हणाला. "टीव्हीवर मीच दिसायचो."

टीव्ही लागला, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. मापसाहेब समाधानानं मागे टेकले. एवढ्यात वरच्या मजल्यावरचे रेडिओवाले आले. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून दुकान बंद केलेला माणूस. बिघडलेल्या वस्तूचा वास त्यांना दोन मजले वर येतो. त्यांनी डबा उघडला, हुंगला. "सुरेख! हल्लीच्या यंत्रांत काय असतं? उघडायला गेलं तर स्क्रूच नाही. बिघडलं की फेकायचं. हे बघा, याच्या पोटात हात घालता येतो. माणसासारखं आहे."

"दुरुस्त नाही व्हायचं म्हणा," मापसाहेब आशेनं म्हणाले. "भाग मिळत नसतील."

"मिळतील? माझ्याकडे आहेत!" आणि म्हातारबुवा वीस वर्षं लहान होऊन जिना चढून गेले. दोन तासांत मुंग्या गेल्या. पण कॅसेटच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला. पडद्यावर कंदील्याचं डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे.

"फुंकर मारा," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही फुंकर मारायचो."

"फुंकरीनं थुंकी उडते आणि गंज वाढतो," रेडिओवाले म्हणाले. यावर दोघांचं वाजलं. सेक्रेटरी म्हणाले, अख्खी पिढी फुंकर मारून मोठी झाली ती काय खुळी होती? रेडिओवाले म्हणाले, त्या पिढीनंच चाळीस वर्षं माझं दुकान चालवलं. वाद रंगतोय, बैठक मोडतेय, अशी चिन्हं दिसताच मापसाहेब दोघांना आलटून पालटून दुजोरा देऊ लागले. तेवढ्यात तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, गोंगाट कसला म्हणून विचारायला, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून वर आले. त्यांनी कॅसेट उजेडात धरली.

"कीड आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "पण मुळापर्यंत गेलेली नाही."

आणि मापसाहेबांच्या कॅसेटची दवाखान्यातल्या खुर्चीवर, दिव्याखाली, बारीक ब्रशनं पाऊण तास सफाई झाली. बाहेर दोन खरे रुग्ण गाल धरून बसले होते.

अशा रीतीनं, ज्या ज्या धोंड्याआड मापसाहेब लपायला गेले, तो तो धोंडा कुणीतरी प्रेमानं उचलला. माणसाला शेजारी चांगले असावेत, पण इतके चांगले असू नयेत. सगळं जुळायला अकरा दिवस लागले. तक्त्यात 'सुरू होण्यास लागलेला वेळ' या ओळीत नव्या गेमसमोर दोन तास अकरा मिनिटं होती. जुन्यासमोर त्यांनी प्रामाणिकपणे 'अकरा दिवस' लिहिलं आणि रकाना हाताखाली झाकून ठेवला.

रविवारी दुपारी चार वाजता दिवाणखाना भरला. सेक्रेटरी, रेडिओवाले, दातांचे डॉक्टर, दाराच्या चौकटीला टेकून पहारेकरी. लेक जमिनीवर मांडी घालून अगदी पुढे, पाच वर्षांची असताना बसायची तशी. मापसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. 'बाळ, मी नववाच पाहिलाय.' चार शब्द आहेत. पण दिवाळं जाहीर करायला खाजगी वेळ लागते, आणि समोर अख्खी इमारत बसलेली.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "कोपऱ्यातला दिवा लागताना मला सांगा हं. डोळे मिटलेले नकोत माझे."

सांगायचं राहून गेलं.

त्यांनी कॅसेट घातली, बटण दाबलं. टिंगटिंग संगीत वाजलं. सेक्रेटरींच्या तोंडून 'आहा' निघालं. कंदील्या उभा राहिला. मापसाहेबांनी त्याला पुढे चालवलं आणि तो पहिल्याच खड्ड्यात पडून मेला.

"हात गरम व्हायचाय," सेक्रेटरी म्हणाले.

दुसऱ्यांदा वटवाघळानं नेलं. तिसऱ्यांदा पुन्हा तोच खड्डा. मरणाची किंमत पूर्ण वसूल होत होती. बावीस वर्षांत बोटं जड झाली होती, पण मापसाहेबांच्या मनात मात्र हळूहळू पहाट होत होती. अरे! मरत राहायचं. बस! पाच वाजता लोक कंटाळून जातील. सत्य झाकलं जाईल, फक्त इभ्रत जाईल. इभ्रत काय, परत कमावता येते. ते निश्चयानं खड्ड्याकडे निघाले.

"डावीकडून," मागून आवाज आला.

वहिनी होत्या. हात पदराला पुसत.

"काय?"

"अहो, डावीकडून उडी मारा. उजवी पायरी खोटी आहे." आणि मग, अकराव्यांदा कंदील्या मेल्यावर, त्या पुढे आल्या. "सरा जरा. बघवत नाही."

त्यांनी रिमोट घेतला. उजव्या हाताचा अंगठा त्या गुळगुळीत बटणावर असा बसला, जसा ठरलेल्या जागी ठरलेला शिक्का. कंदील्या पळत सुटला. तो आता वेगळाच माणूस होता. पहिला मजला, दुसरा. वटवाघळं चुकवली नाहीत, ती येण्याआधीच वहिनी निघून गेलेल्या असत. सातव्यावर पिंपं लोळू लागली तेव्हा त्या सेक्रेटरींना चहा हवा का विचारत होत्या. रेडिओवाल्यांनी हात जोडले.

"आई," लेक म्हणाली, "तू कधी..."

"दुपारी," वहिनी म्हणाल्या. "तू झोपायचीस, पुढं शाळेत जायचीस, हे कचेरीत. दोन ते चार. हा माळ्यावर गेल्यावर तिथून काढायचा, चार वाजता परत ठेवायचा. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही."

मापसाहेबांना कापड आठवलं, सुतळीची गाठ, डांबराच्या गोळ्या. 'कारण – हवामान असावे.' एवढी मोठी झीज, एवढा मोठा निरीक्षक, आणि असा शेरा! खात्याला कळलं असतं तर चौकशी लागली असती. पण त्या लाजेला वेळ नव्हता, कारण नववा मजला संपला होता आणि पडद्यावर दहावा उघडला होता. खरा दहावा. त्यांनी रचलेल्या दहाव्यात नदी होती. इथे नदी नव्हती. इथे होड्याही नव्हत्या.

"बाबा, नदी कुठाय?" लेक पुटपुटली.

"पुढं असेल," मापसाहेब म्हणाले.

अकरावा. इथे त्यांच्या गोष्टीत बोलकं घुबड होतं. पडद्यावर नुसती पिंपं. दातांच्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. बारावा. एक लांब जिना, वर दार. कंदील्या शांतपणे चढत होता. लेकीचे दोन्ही हात गालांवर. मापसाहेबांनी मान खाली घातली. माणूस निकाल ऐकताना घालतो तशी. खाली मान असल्यामुळेच त्यांना ते दिसलं.

वहिनींचा डावा पाय सोफ्याच्या कडेनं सरकला. भिंतीतून आणलेली लांब वायर जमिनीवरच्या, टीव्ही आणि डबा जोडलेल्या विजेच्या पट्टीवर येत होती. पट्टीवर लाल बटण. कंदील्या दाराशी पोचला, दार हललं, आणि वहिनींच्या पायाच्या अंगठ्यानं, अगदी हलकेच, बटण दाबलं.

पडदा मिटला.

"अरे!" सगळे एकदम ओरडले.

"वीज गेली वाटतं," वहिनी म्हणाल्या. डोक्यावर पंखा गरगरत होता.

"डब्यातला ट्रान्सफॉर्मर!" रेडिओवाले उठलेच. "मी म्हटलं होतं, गरम होतोय. आता आठ दिवस तरी..." आणि ते डबा छातीशी धरून, आनंदानं, वर घेऊन गेले. सेक्रेटरी म्हणाले, सातव्याच्या पुढचं पाहिलं, आता डोळे मिटायला मोकळे. डॉक्टरांना खाली गाल धरून बसलेले रुग्ण आठवले. दिवाणखाना रिकामा झाला.

लेक मांडी घालून तशीच बसली होती. तिनं एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा आईच्या पायाकडे. मग उठली आणि मापसाहेबांच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "जाऊ दे बाबा. शेवट काय आहे ते मला माहितीये. माझा दिवा लागतो." आणि आत जाताना दारातून वळून म्हणाली, "नदी पुढच्या वेळी शोधू."

तिला कळलं की नाही, हे तपासायचं नाही असं मापसाहेबांनी ठरवलं.

स्वयंपाकघरात वहिनी कप विसळत होत्या. मापसाहेब दाराशी आले. म्हणाले, "खरं काय असतं हो शेवटी?"

"दार उघडतं. आत भिंत. त्यावर तीन शब्द : 'शाबास, पुन्हा खेळा'. आणि कंदील्या परत पहिल्या मजल्यावर."

"एवढंच?"

"एवढंच. मी इतकी चिडले होते! दोन दिवस वरणात मीठ नव्हतं, तुम्हाला आठवत नसेल. मग हिला गोवर निघाला आणि तुम्ही उशाशी बसून ते दिवे सांगत होतात. मी इथेच उभी होते. म्हटलं, हे बरं आहे. असाच असायला हवा होता." त्यांनी कप पालथा घातला. "बाकी तुमच्या घुबडाचं तेवढं जमलं नव्हतं."

निवृत्तीनंतर प्रथमच मापसाहेबांकडे मत नव्हतं.

"आता माझी एक अट," वहिनी म्हणाल्या. "डबा दुरुस्त झाला की दोन ते चार दिवाणखाना माझा. तुमचा घोडा सकाळी चारा खाईल. आणि मी खेळताना मागे उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत."

"हरकत राखून मान्य," मापसाहेब म्हणाले.

"हरकत न राखता."

"मान्य."

संध्याकाळी त्यांनी तक्ता पुढे ओढला. एकच ओळ उरली होती. 'शेवट.' नव्या गेमच्या रकान्यात त्यांनी लेकीला विचारून लिहिलं : 'एकूण अकरा प्रकारचे. एकास रडू येते.' जुन्याच्या रकान्यासमोर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बारावा मजला. गावातले सर्व दिवे लागतात. कोपऱ्यातला सर्वांत शेवटी. समक्ष पडताळणी केली, बरोबर आढळले.'

खाली सही केली. आयुष्यातलं दुसरं खोटं प्रमाणपत्र. पण या वेळी लेखी, आणि लेखी म्हटलं की साक्षीदार लागतो. त्यांनी कागद स्वयंपाकघरात नेला. वहिनींनी तो वाचला, ओला हात पदराला पुसला आणि साक्षीदार म्हणून सही केली.